उन्हाळी खेळ आणि तंबूतला सिनेमा

आमच्या माकणी परिसरात सुगी सरली की उन्हाळी यात्रांचे वेध लागतात. आपल्या सिनेमाचं उन्हाळ्याशी नातंही जुनंच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत, गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात झळकला. त्या खेळाला जोडून नाच, नकला आणि कसरतीही होत्या.

पुढे टूरिंग टॉकीजनं सिनेमा गावोगावच्या यात्रांत नेला. ट्रकवर प्रोजेक्टर, मैदानात तंबू, समोर पडदा. पाऊस लागण्याआधी हंगाम आटपायचा. महाराष्ट्रातल्या याच तंबूंवरच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाचा २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरव झाला.

यात्रेत असा तंबू दिसला, तर तिकीट काढा, लेकरांनाही सोबत न्या. हा वारसा प्रेक्षकांमुळेच टिकेल.