गणितातली उंची आणि आकाशातली उंची

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त रत्नागिरी येथे विद्यार्थी व पालकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय वरकरणी लहान वाटेल. हौशी मुले पुठ्ठ्याचे छोटे रॉकेट तयार करतात आणि ते किती उंच जाईल, याचा हिशेब आधी संगणकावर मांडतात. फिनलंडमधील सॅम्पो निस्कानेन या विद्यार्थ्याने २००९ मध्ये आपल्या प्रबंधाच्या निमित्ताने सिद्ध केलेली ‘ओपनरॉकेट’ ही आज्ञावली त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. रॉकेटची लांबी, वजन, पंखांचा आकार आणि मोटरची माहिती भरली की पडद्यावर आकडा उमटतो. समजा, तो ३०० मीटर आहे. प्रत्यक्ष उड्डाणानंतर मात्र रॉकेटमधील उंचीमापक २५० मीटर दाखवतो. हे ५० मीटर गेले कुठे? आणि त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, वहीत कोणता आकडा लिहायचा?

आज्ञावली काय करते, ते प्रथम पाहू. सेकंदाच्या लहान लहान भागांत ती तीन गोष्टींचा मेळ घालते : मोटरचा रेटा, रॉकेटचे वजन आणि हवेचा अवरोध. वेग दुप्पट झाला की अवरोध साधारण चौपट होतो. हा अवरोध ठरवणारा गुणांक मात्र अंदाजाने घेतलेला असतो. पृष्ठभाग गुळगुळीत आहे असे संगणकाने मानले, आणि मुलाने पंख खडबडीत ठेवले, तर तेथेच उंची घटते. डिंकाचे व रंगाचे वजन हिशेबात धरायचे राहून जाते. एकाच कारखान्यातील दोन मोटरींचा रेटाही तंतोतंत सारखा नसतो.

शिवाय वारा आहे. वातकुक्कुट जसा वाऱ्याकडे तोंड फिरवतो, तसे पंख असलेले रॉकेट वाऱ्याच्या दिशेने कलते आणि वर जाण्याची शक्ती आडव्या प्रवासात खर्च होते. आपल्या किनाऱ्यावर दुपारी खारे वारे वाहू लागतात. उघड्या कातळसड्यावर ते कसे झोंबतात, हे तुम्हाला सांगायला नको. सकाळच्या शांत हवेतले आणि दुपारचे उड्डाण एकाच रॉकेटचे असूनही सारखे नसते.

आता उंचीमापकाकडे वळू. तो उंची मोजत नाही. तो हवेचा दाब मोजतो आणि दाबावरून उंची काढतो. त्यासाठी साधे उंचीमापक समुद्रसपाटीला हवा १५ अंश सेल्सिअस आहे, असे गृहीत धरतात. रत्नागिरीत ती सहज ३० अंश असते. उष्ण हवा विरळ असल्यामुळे उंचीबरोबर दाब हळू उतरतो. परिणामी रॉकेट खरोखर ३०० मीटर गेले, तरी मापक २८५ च्या आसपासच सांगतो. सुमारे पाच टक्के कमी! दुसरीकडे, विरळ हवेचा अवरोधही कमी. म्हणून १५ अंश मानून काढलेले भाकीतसुद्धा खऱ्या उंचीपेक्षा काहीसे कमीच येते. म्हणजे भाकीत आणि मापन दोन्ही चुकलेले असूनही एकमेकांच्या जवळ येऊ शकतात. आकडे जुळले म्हणजे सत्य सापडले, असे नव्हे.

येथे एक मोह होतो. अवरोधाचा गुणांक थोडा थोडा बदलत गेले की संगणकाचा आकडा हवा तेथे आणून बसवता येतो. हे उत्तर पाहून गणित सोडवण्यासारखे झाले. गुणांक एका उड्डाणावरून जरूर सुधारावा. पण मग पुढच्या उड्डाणाचे भाकीत आधी वहीत लिहावे आणि त्यावर त्याची परीक्षा घ्यावी.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. गणिताने आलेले ग्रहस्थान आकाशात डोळ्यांनी पडताळणे, याला आपल्या ज्योतिर्गणितात दृक्प्रत्यय म्हणतात. मूळचे याच जिल्ह्यातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात या परंपरेचा इतिहास मांडला. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्यांनी पंचांगशोधनाचा पुरस्कार केला, तो याच आग्रहातून. जुने गणित पूज्य खरे. पण आकाश वेगळे सांगत असेल, तर दुरुस्ती गणितात करायची असते.

देशाच्या रॉकेटांनाही ही परीक्षा चुकली नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण अयशस्वी झाले; १८ जुलै १९८० रोजी यश आले. पण ३१ मे १९८१ च्या उड्डाणात रोहिणी उपग्रह अपेक्षेहून खालच्या कक्षेत राहिला आणि नऊ दिवसांतच त्याचे आयुष्य संपले. त्या काळात थुंबा येथील विक्रम साराभाई अंतराळ केंद्राची धुरा डॉ. वसंतराव गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. कमी पडलेली उंची झाकून ठेवली गेली नाही. काम पुढे चालू राहिले आणि १७ एप्रिल १९८३ रोजी पुढचे उड्डाण यशस्वी झाले.

पालकांना एक कळकळीची विनंती आहे. घरी इंधनाची दारू कुटण्याचा प्रयोग मुलांना कधीही करू देऊ नका. त्यात हात आणि डोळे गमावण्याचा धोका आहे, शिवाय तो कायद्याचाही भंग आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी व पंपाने दाबलेली हवा भरून उडणारे रॉकेट मोठ्यांच्या देखरेखीखाली, सुरक्षित अंतर राखून पुरेसे शिकवते. उड्डाणस्थळापासून ५० मीटरवर उभे राहून कोनमापकाने शिखरबिंदूचा कोन घ्या. तो ४५ अंश आला, तर रॉकेट तुमच्या डोळ्यांच्या पातळीपासून ५० मीटर वर गेले. दोन अंशांची चूक झाली, तर साडेतीन मीटरचा फरक पडतो, हेही मुलांना काढू द्या.

आणि मुलाने ‘बाबा, गणित चुकले’ असे सांगितले, तर त्याला रागावू नका. कितीने आणि का, एवढेच विचारा. प्रदर्शनातल्या बक्षिसासाठी २५० चे ३०० लिहिणारा हात उद्या पुलाचा, धरणाचा वा औषधाचा हिशेब लिहिणार आहे. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी, खाडाखोड न करता लिहिण्याची सवय त्याला आजच लागू द्या.