तळघरातली खोली आणि रेडॉन



तुमच्यातले काहीजण पुढच्या वर्षी शिकायला अमेरिकेला जाणार आहेत. स्वस्त खोली शोधाल आणि ती बहुधा तळघरात मिळेल. माझंही तेच झालं. आयोवात, मक्या-सोयाबीनच्या शेतांमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या तळघरात मी राहत होतो. तिथे रेडॉन हा शब्द शाळेनंतर पहिल्यांदा कानावर आला.

जमिनीत थोडंफार युरेनियम सगळीकडे असतं. त्याच्या विघटनातून पुढे रेडॉन वायू तयार होतो. रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो हवेत विरतो. घराखाली असला तर फरशीच्या चिरांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून आत येतो. आयोवाची माती हिमनद्यांनी दगड भरडून आणून टाकलेली, त्यामुळे तिथे तो जास्त. त्यात हिवाळाभर दारं-खिडक्या बंद. घरातली गरम हवा वर जाते आणि घर खालची हवा ओढून घेतं. रेडॉनमुळे अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसं फुप्फुसाच्या कर्करोगानं दगावतात, असा तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज आहे. सिगारेट ओढणाऱ्याला धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे काहींनी जरा लक्ष देऊन ऐकावं!

आयोवा विद्यापीठाचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वीस वर्षं किंवा जास्त एकाच घरात राहिलेल्या स्त्रियांवर तो केला होता. स्त्रियाच का? कारण घरात जास्त वेळ त्याच असतात. घरातला रेडॉन वाढतो तसा कर्करोगाचा धोका वाढतो, असं त्यात दिसलं.

मी घरमालकांना म्हटलं, चाचणी करू या का? ते म्हणाले, "माझे वडील याच घरात नव्वदीपर्यंत जगले. आणि शेजाऱ्यांनी केलीय की, त्यांचा आकडा कमी आला." पहिल्या वाक्यावर काय बोलणार? आपल्याकडेही बिडी ओढणारे एक आजोबा प्रत्येक घरात असतात. दुसरं मात्र चूकच आहे. शेजारच्या घराचा आकडा आपल्या घराला लागू पडत नाही. पाया वेगळा, भेगा वेगळ्या.

शेवटी आजींनी ठरवलं, नातवंडं तळघरात खेळतात म्हणून. कोळशाची एक छोटी डबी आणली. आधी बारा तास खिडक्या बंद. मग राहत्या सर्वांत खालच्या मजल्यावर, मोरी आणि स्वयंपाकघरापासून लांब, ती दोन-तीन दिवस उघडी ठेवली. नंतर लगेच टपालानं प्रयोगशाळेत. रेडॉनचं अर्धायुष्य ३.८ दिवस, डबी टेबलावर पडून राहिली तर पुरावाच उडतो.

अमेरिकेत लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त आकडा आला की उपाय करा म्हणतात. आमचा त्याच्या दुपटीहून जास्त आला. फरशीखाली पाइप घालून, पंखा लावून हवा छपरावर सोडली. पुन्हा मोजलं, आकडा दोनच्या खाली.

आपल्या गावाचं काय, असं विचाराल. दख्खनच्या काळ्या दगडात युरेनियम कमी असतं, आपली घरं जोत्यावर आणि खिडक्या उघड्या. इथे घाबरून जायचं कारण नाही.

तिकडे खोली बघायला गेलात की भाडं विचारायच्या आधी चाचणी कधी केली आणि आकडा किती आला ते विचारा. मालक टाळत असेल तर डबी स्वतः आणा. एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणाइतकाच तिचा खर्च येतो.