उर्दू वहीतली मराठी गाणी



चौदा फेब्रुवारीच्या निमित्तानं आपल्या आवडीच्या प्रेमगीतांवर बोला, असा निरोप आकाशवाणीकडून आला. मी विचारलं, 'किती गाणी?' उत्तर आलं, 'तुम्हाला हवी तितकी. वेळ मात्र पंधरा मिनिटं.' पंधरा मिनिटांत चार गाणीसुद्धा धड वाजत नाहीत. तेव्हा गाणी वाजवायचं काम मी तुमच्याकडे सोपवतो, ती तुमच्या मोबाइलमध्ये आहेतच. मी फक्त ती माझ्या घरात कशी आली, एवढंच सांगतो.

आधी त्या दिवसाविषयी दोन शब्द. हा दिवस परका आहे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. परका तर आहेच. पण आपल्याकडे बटाटा परका, मिरची परकी आणि हार्मोनियमही परकीच. हार्मोनियम बाजूला ठेवून मराठी भावगीत उभं करून दाखवा, मग बोलू. माझी तक्रार वेगळी आहे. या दिवशी दुकानांतून जी गाणी वाजतात, त्यांत प्रेम करणारे फार मोठ्यानं बोलतात. आम्ही ज्या गाण्यांवर वाढलो त्यांत माणसं हळू बोलायची. शेजारच्या खोलीत थोरली मंडळी बसलेली असायची ना!

मी मिरजेचा. माझे अब्बा सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याच्या कामावर होते. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांच्या राशीत, लाकडाच्या भुशात एक ट्रान्झिस्टर ठेवलेला असे. सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी, त्यामुळं रेडिओशिवायचं घर मला माहीतच नाही. आम्ही घरात दखनी बोलायचो, शाळेत मराठी, आणि रेडिओवर गाणं लागलं की दोन्ही बंद.

'आपली आवड' हा फर्माईशीचा कार्यक्रम तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यात गाण्यापेक्षा गाण्याआधीची नावं आम्ही जास्त कान देऊन ऐकायचो. कुठल्या गावाहून कोण कोण, अशी लांबलचक यादी निवेदक वाचायचे. त्या यादीत प्रेमाचा एक गुपचूप कारभार चालायचा. आमच्या वर्गातल्या एकानं पोस्टकार्डावर स्वतःचं नाव लिहून, मध्ये तीन खोटी नावं घालून, शेवटी एका मुलीचं नाव लिहिलं होतं. चार नावांच्या अंतरावरून का होईना, दोघं एका गाण्याखाली आले. पंधरा पैशांच्या पोस्टकार्डात याहून जास्त काय मागायचं? पुढं त्या दोघांचं काहीही झालं नाही, हेही सांगून टाकतो.

आता पहिलं गाणं. 'शुक्रतारा' मी टाळू शकत नाही. १९६२ सालचं हे गाणं, शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे. मराठी प्रेमगीत म्हटलं की हजार जणांतले नऊशे याचंच नाव घेतील. पण ते गाणारी माणसं पाहा. दाते इंदूरचे, उर्दू गझलेत रमणारे. माझ्या मराठी उच्चारांवर हिंदीची छाया आहे, मला हे जमायचं नाही, असा संकोच त्यांना होता. सुधाताई दिल्लीत जन्मलेल्या, हिंदी चित्रपटात गाणाऱ्या. म्हणजे ज्या गाण्याला आपण अस्सल मराठी प्रेम म्हणतो, ते उच्चारायला मराठीच्या वेशीवरची दोन माणसं बोलवावी लागली. मला तर वाटतं, त्या गाण्यातला जो जपून बोलण्याचा सूर आहे, तो काही अंशी यातूनच आला असावा. आपल्या घरात आपण धाडकन बसतो, पाहुणा खुर्ची सरकवून, बेतानं बसतो.

हे मी का सांगतो? गेली तीस वर्षं मला एक प्रश्न विचारला जातो. कविसंमेलनानंतर चहाचा कप हातात देता देता कुणीतरी अगदी मायेनं विचारतं, 'तुम्ही उर्दूत का लिहीत नाही? प्रेमाची भाषा ती.' विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यात गृहीत धरलेलं असतं, की मी मराठीत पाहुणा आहे.

बी.ए.ला मला मराठी होतं. तिथं शाहीर सगनभाऊ भेटला. पेशवाईच्या अखेरच्या काळातला, धर्मानं मुसलमान, धंद्यानं शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारा, आणि लावण्या अस्सल मराठी. शृंगाराला मराठीत जी शब्दकळा आहे, तिच्यावर त्याच्याही हाताची धार आहे. आणि आमच्या मिरजेत तंबोरे घडवणारी घराणीही मुळात शिकलगारांचीच. तलवारींचं काम संपलं तसे ते तारांकडे वळले. दुसरे, अब्दुल करीम खाँसाहेब. कैरान्याचा हा माणूस मिरजेत राहिला आणि १९३७ साली गेल्यावर इथल्या दर्ग्याच्या आवारातच विसावला. त्यांनी १९११ सालच्या 'मानापमान' नाटकातली 'चंद्रिका ही जणू' आणि 'प्रेम सेवा शरण' ही पदं ध्वनिमुद्रित केली आहेत. माझ्या यादीत 'प्रेम सेवा शरण' आहे, खाँसाहेबांचंच. शब्द स्पष्ट ऐकू येत नाहीत, अशी काहींची तक्रार असते. माझी नाही. प्रेमात शरण जाणाऱ्याचे शब्द स्पष्ट येतील कसे?

तर चहाच्या कपाबरोबर तो प्रश्न आला की मी या दोघांची नावं सांगतो. चहा गार होतो, पण काम होतं.

आता घरातली गोष्ट. १९९६ साली माझं लग्न झालं. बायको मालेगावची, उर्दू शाळेत शिकलेली. मराठी तिनं एक विषय म्हणून पास केलेली, बोलण्याची सवय अजिबात नाही. माझा पहिला संग्रह तेव्हा नुकताच निघाला होता. लोक कौतुक करत होते, आणि ज्या एका माणसानं तो वाचावा असं मला मनातून वाटत होतं, ते माणूस पहिल्याच ओळीत अडखळत होतं. 'सारी दुनिया को समझती है तुम्हारी शायरी, एक मुझे छोड़ के,' असं ती एकदा म्हणाली. हसतच म्हणाली, पण मला ते लागलं.

मग तिनं मराठी शिकायला घेतलं, ते पुस्तकातून नव्हे, रेडिओवरून. एक वही केली. गाणं लागलं की ऐकू येईल तसे मराठी शब्द उर्दू लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहून ठेवायची. उर्दूत 'ळ' नाही. त्यासाठी तिनं 'लाम'वर स्वतःची एक खूण शोधून काढली. संध्याकाळी मी आलो की वहीतून प्रश्न निघायचे.

एकदा 'मालवून टाक दीप' आलं. शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लतादीदींचा. स्वयंपाकघरात अम्मा भाकरी थापत होत्या आणि हिनं बाहेरून मोठ्यानं विचारलं, 'अजी, ये मालवून क्या होता है?'

'बुझाकर.'

'क्या बुझाकर?'

'दिया.'

'क्यों? अंधेरा क्यों करना?'

भाकरीचा आवाज थांबला. मी म्हटलं, 'पुढचं नंतर सांगतो.' ते गाणं माझ्या यादीत आहे आणि कायम राहील. भटांच्या शृंगारात धीटपणा आहे, पण लाज सोडलेली नाही. तो तोल फार थोड्यांना साधला. त्यांचंच 'मेंदीच्या पानावर' हिच्या वहीत पहिल्या पानावर आहे, कारण त्यात ओळखीचा पहिला शब्द तिला मेंदी हाच सापडला. लग्नातली मेंदी हातावरून जायच्या आतलीच ती नोंद.

गाण्यांतून तिला एक गोष्ट माझ्याआधी समजली. उर्दू गझलेत प्रियकर 'हम' म्हणून मोकळा होतो, माशूकही बहुतेक वेळा पुल्लिंगीच असतो. कोण कुणाला म्हणतंय, हे झाकलेलं राहतं. मराठीत क्रियापद आलं की गुपित फुटतं. आलास की आलीस, म्हणाले की म्हणाली, सांगावंच लागतं. 'तुम्हारी मराठी में छुपना मुश्किल है,' ती म्हणाली. मग वर्षभरानं तिनं माझा संग्रह सलग वाचला आणि निकाल दिला, 'सब समझ में आया. लेकिन चांद बहुत है.' त्यानंतरच्या माझ्या कवितांत चंद्र कमी आहे, हे समीक्षकांनी टिपलं. कारण त्यांना ठाऊक नव्हतं.

चंद्राचा विषय निघाला म्हणून 'तोच चंद्रमा नभात'. शब्द शान्ता शेळके यांचे, संगीत आणि स्वर सुधीर फडके यांचा. या गाण्याच्या पाठीमागं एक संस्कृत श्लोक आहे, शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर सांगितला जाणारा. मम्मटानं 'काव्यप्रकाशा'त तो घेतला आहे, तेव्हा हजारेक वर्षं तरी जुना. त्यात बाई म्हणते, नवरा तोच, चैत्राच्या रात्री त्याच, वाराही तोच, मीही तीच, तरी मन मात्र रेवेच्या काठच्या त्या जागेकडे ओढ घेतं. शान्ताबाईंनी मराठीत आणताना बोलणारा पुरुष केला. आयुष्यभर अविवाहित राहिलेल्या या कवयित्रीनं जुन्या झालेल्या सहवासाचं मर्म ज्या अचूकपणे पकडलं, त्याचं मला नवल वाटत आलं आहे. तरुणांना ते विरहगीत वाटतं. पन्नाशीनंतर ऐकून पाहा. माणूस शेजारीच आहे, कुणी कुठं गेलेलं नाही, आणि तरीही काहीतरी परत येत नाही. व्हॅलेंटाइनच्या दुकानात हे गाणं कधीच वाजणार नाही, आणि माझ्या मते त्या दिवशी खरं ऐकण्यासारखं तेच आहे.

मूळ श्लोकाचा अर्थ मी हिला सांगितला. ती म्हणाली, 'ती बाई बरोबर बोलते. नवऱ्यात काही कमी नाही म्हणते. जागा बदलली म्हणते. घेऊन जा म्हणते रेवेला.' रेवा म्हणजे नर्मदा. मिरजेपेक्षा ती मालेगावहून जवळ, हेही तिनं लगेच सुनावलं. आता तिचं मराठी असं आहे. भांडण मराठीत, लाड उर्दूत.

एक संध्याकाळ मात्र सांगायला हवी. २००९ चा सप्टेंबर. मिरजेत दंगल झाली होती, संचारबंदी लागली होती. रमजानचे दिवस. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. इफ्तारला खजूर होते, फळं नव्हती, कारण आणणार कुठून? मुलं गप्प. आम्हीही घरातल्या घरात कुजबुजत बोलत होतो, मराठीत बोलावं की दखनीत, हेसुद्धा मनात तपासून. रोजा सोडून झाला आणि समोरच्या काकूंच्या घरातून रेडिओ ऐकू आला. 'शुक्रतारा' लागलं होतं. काकूंनी आवाज मुद्दाम वाढवला होता, की रस्ता मोकळा म्हणून तो मोठा वाटला, हे मला आजही कळलेलं नाही. पुढं संचारबंदी उठल्यावर काकू नेहमीसारख्या कोथिंबीर निवडत दारात बसल्या होत्या. मी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. पण त्या संध्याकाळी हिनं खिडकी, जी तीन दिवस बंद होती, ती चार बोटं उघडली. गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे होतो. गाण्यातल्या त्या दोघांना आडनाव नव्हतं.

वेळ संपत आली, असं काचेपलीकडून सांगताहेत. तेव्हा शेवटचं गाणं. ते माझ्या पसंतीचं नाही, हिच्या आहे. 'हा रुसवा सोड सखे'. वंदना विटणकरांचे शब्द, श्रीकांत ठाकरे यांची चाल, गायक महंमद रफी. पंजाबात जन्मलेल्या रफीसाहेबांनी ठाकऱ्यांकडे किती गोड मराठी गाणी गायली! हिचा ठाम समज आहे की रफीसाहेबांनीही तिच्यासारखीच वही केली असणार, उजवीकडून डावीकडे, आणि 'ळ'साठी काहीतरी खूण शोधली असणार. दुसरं तिचं म्हणणं, हे गाणं बाईनं लिहिलं आहे, म्हणून त्यातली समजूत काढायची रीत बरोबर आहे. पुरुषानं लिहिलं असतं तर त्यानं आधी स्वतःची बाजू मांडली असती.

आज निघताना तिनं बजावलं आहे, भाषण संपलं की तेच लावायला सांगा, खाँसाहेब नंतर. निर्मात्यांनी मान्य केलं आहे. काकूंनाही ती सांगणार होती, रेडिओ लावून ठेवा म्हणून.