गर्भपात : दोष कोणाचा?

गर्भपाताचा विषय निघाला कीं आपण स्त्रीच्या शीलाची चर्चा करूं लागतों. तिच्या परिस्थितीची चौकशी कोणी करीत नाहीं. विधवाविवाहास कायद्यानें १८५६ सालीं मोकळीक दिली, पण रूढीनें दिली नव्हती. लोकापवादाच्या भयानें विधवा भ्रूणहत्येस प्रवृत्त होत. म्हणून १८६३ सालीं जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें. त्यांनीं दोष स्त्रीस दिला नाहीं. तिला आसरा दिला.

पुढें १९७१ च्या कायद्यानें ठराविक मर्यादेंत डॉक्टरांकडून गर्भपात करून घेण्याची मुभा मिळाली. २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अविवाहितेसही विवाहितेइतकाच हक्क दिला. तरीहि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत शंभरांतील सुमारें सत्तावीस गर्भपात स्त्रियांनीं घरींच, स्वतःच केलेले आढळले. आणि जवळजवळ निम्म्यांचें कारण नियोजन नसतां राहिलेला गर्भ, हें होतें. दवाखाना दूर, पैसा दुसऱ्याच्या हातीं आणि घरांत बोलण्याची चोरी. मग कायदा असून तिला काय उपयोग?

पहिल्या दोन गोष्टी सरकारनें पाहाव्या. तिसरी आपल्या हातीं आहे. लेक किंवा सून घाबऱ्या चेहऱ्यानें जवळ आली, तर ‘हें कसें झालें?’ असें विचारूं नका; ‘डॉक्टरांकडे केव्हां जाऊं या?’ असें विचारा.