निबंध मुलीचा, मदत बाईंची
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा कॉलेजच्या प्रवेशाविषयी मी बोलणार हे ऐकून काही जणींना नवल वाटेल. परंतु यंदा आमच्या थोरल्या मुलीने अमेरिकेतील कॉलेजांकडे अर्ज पाठविले. त्या निमित्ताने जे पाहिले ते आपल्या मुलाबाळांच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून चार शब्द सांगते.

आपल्याकडे बहुधा गुण पाहून प्रवेश मिळतो. तिकडेही गुण पाहतातच. पण पुष्कळ कॉलेजे अर्जासोबत मुलाने स्वतःविषयी लिहिलेला एक निबंध मागतात. ‘कॉमन अॅप्लिकेशन’ नावाचा एक सामाईक अर्ज आहे. १९७५ साली पंधरा कॉलेजांनी तो सुरू केला. आज हजाराहून अधिक कॉलेजे तो घेतात. त्यातील निबंध २५० ते ६५० शब्दांत बसवावा लागतो. लवकरच्या अर्जांची मुदत साधारण १ नोव्हेंबर आणि बाकीच्यांची १ जानेवारीच्या सुमारास असते. म्हणजे ऐन दिवाळीच्या धामधुमीत हे काम. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशी काही मोजकी विद्यापीठे परदेशच्या मुलांचीही ऐपत न पाहता निवड करतात, आणि निवडलेल्यांच्या खर्चाची गरजेप्रमाणे सोय करतात. आमचे पोट पिठाच्या गिरणीवर. तेव्हा त्या एका निबंधाला आमच्या घरी केवढे महत्त्व आले असेल, याची कल्पना आपण करू शकाल.

मुलीने पहिला निबंध लिहिला तो आपण शाळेत लिहीत होतो तसाच. देशसेवा, जिद्द, कल्पना चावला, सारे त्यात होते. तो कोणाच्याही नावावर खपला असता. एका नातलगाने सुचविले की, शहरात एक जण पैसे घेऊन सबंध निबंध लिहून देतो. त्याने सांगितलेली रक्कम म्हणजे गिरणीची चार महिन्यांची कमाई. तरीही मुलीच्या आयुष्याचा प्रश्न, म्हणून यांचे मन डळमळू लागले. मुलगी मात्र गल्लीतल्या बाईंकडे गेली. बाई आता निवृत्त आहेत. त्यांनी अनेक वर्षे मुलांना इंग्रजी लेखन शिकविले.

बाईंनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि विचारले, “यात तू कुठे आहेस? शाळा सुटल्यावर रोज काय करतेस?”

“गिरणीवर बसते, बाई. पण त्याचे काय लिहायचे? ते लोक हसतील.”

“हसू देत. तिथे बसून काय पाहिलेस ते सांग.”

मग हळूहळू निघाले. दगड बोथट झाले की पीठ गरम येते. गेल्या वर्षी हिने वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली, की दगड टाकवल्यावर किती किलो दळण झाले म्हणजे पीठ तापू लागते. बाईंनी विचारले, “हे तुझ्या ध्यानात प्रथम कसे आले?” ते तिला नीट आठवेना. घरी येऊन तिने मला विचारले. मला आठवत होते. शेजारच्या आजी तक्रार करीत आल्या होत्या, की पिठाला विरी नाही, भाकरी थापताना तुटते. त्या दिवशी हिने पिठात हात घातला होता. सातवी शिकलेल्या आईचा त्या इंग्रजी निबंधाला झालेला उपयोग तो एवढा. पण बाई म्हणाल्या, निबंध तिथूनच सुरू होईल.

त्यानंतर चार वेळा निबंध लिहिला गेला. बाईंनी एकही वाक्य आपले घातले नाही. समासात रेघ मारायची आणि पुढे प्रश्न लिहायचा: “हे कधी?” “म्हणजे किती?” “हा शब्द तू बोलताना वापरतेस का?” वाक्य अवघडले की मोठ्याने वाचायला लावायचे. शब्द जास्त झाले की कोणते काढायचे तेही तिनेच ठरवायचे. शेवटी मुलीने तो मला मराठीत सांगितला. ऐकताना ही आपलीच मुलगी बोलते आहे असे वाटले.

नियमाच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे. अर्जावर मुलाला लिहून द्यावे लागते की काम माझे स्वतःचे आहे. २०२३ पासून तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर आपला म्हणून देणे, हीही त्या अर्जाच्या नियमांत लबाडी धरली आहे. प्रश्न विचारणे ही मदत; लिहून देणे ही मदत नव्हे.

भगिनींनो, या बाबतीत आपल्यापुढे जुना दाखला आहे. आनंदीबाई जोशींसाठी प्रथम गोपाळरावांनी अमेरिकेतील मिशनऱ्यांना लिहिले. तो पत्रव्यवहार तिकडे छापून आला, तो कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यांनी मदतीचा हात पुढे केला. परंतु १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजला आपण का शिकू इच्छितो हे कळविले, ते अठरा वर्षांच्या आनंदीबाईंनी स्वतः. आमच्याकडील बायका मरण पत्करतील पण पुरुष डॉक्टरकडून उपचार घेणार नाहीत, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, असा त्याचा आशय होता. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. मदत अनेकांची होती. कारण मात्र त्यांचे स्वतःचे होते.

आमच्या मुलीला काय उत्तर येते ते मार्चअखेर कळेल. नकार आला तरी स्वतःविषयी खरे लिहिण्याची तिची भीती गेली, ती काही परत येणार नाही.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. शनिवारी दुपारी आपले सभागृह रिकामे असते. आपल्यात तीन-चार भगिनी निवृत्त शिक्षिका आहेत. शिष्यवृत्तीचे किंवा कॉलेजचे अर्ज लिहिणाऱ्या मुलामुलींनी तिथे यावे, वाचून दाखवावे. आपण ऐकावे आणि न कळेल तिथे विचारावे. त्याला फार शिक्षण लागत नाही. अट एकच असावी: पेन्सिल मुलाच्याच हातात राहील.