गॅलरीतील माती आणि गावाचे ऋण

(वर्षप्रतिपदेनिमित्त पुण्यातील एका गृहरचना संस्थेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज सकाळी आपण सर्वांनी गुढी उभारली, कडुनिंबाची पाने चाखली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाने मंडईतून आणली असतील. आपल्या आजी-पणजींना ती परसातल्या झाडावरून मिळत. अंगण गेले, परस गेले आणि तुळशीवृंदावन गॅलरीतल्या एका कुंडीत येऊन थांबले. पण ती कुंडी आपण सोडली नाही. म्हणूनच आजचा विषय तिच्यापासून सुरू करते.

शहरात बाग करायची तर जागा कुठे आहे, असे मला सर्वत्र विचारले जाते. याचे एक उत्तर मुंबईच्या गोदीत मिळाले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात हजारो कामगारांचे जेवण शिजत असे. भाज्यांची देठे आणि साली यांचा रोजचा ढीग पडे. तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास सहकाऱ्यांच्या मदतीने तो ढीग इमारतीच्या गच्चीवर नेला, त्याची माती केली आणि सिमेंटच्या त्या गच्चीवर फळझाडे आणि भाज्या उभ्या राहिल्या. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे तर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून सामान्य माणसाला हेच शिकविले, की पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांचा हिशेब नीट मांडला, तर थोडक्या जागेतही विपुलता नांदते.

म्हणजे उणीव जागेची नाही, मातीची आहे. आणि ती माती आपण रोज सकाळी घंटागाडीत टाकून देतो.

ती कोठे जाते, हे पुणेकरांनी विसरू नये. अनेक वर्षे आपला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या वेशीवर पडत राहिला. तेथील विहिरींचे पाणी नासले, दुर्गंधी घराघरांत शिरली. 2017 च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या आणि पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला. तेव्हा आपण नाकाला रुमाल लावून प्रशासनाला बोल लावले. त्या गावांनी तोच वास किती वर्षे सोसला, याचा विचार किती जणांच्या मनात आला? ओला आणि सुका कचरा घरीच वेगळा करणे 2016 च्या नियमांनी बंधनकारक केले. परंतु आपले खरकटे दुसऱ्याच्या दारात टाकू नये, हे शिकविण्यासाठी नियम लागावा, हीच मुळी लाजिरवाणी गोष्ट आहे.

आता माझी फजिती सांगते. उत्साहाच्या भरात मी एका बादलीत आठवडाभराचा ओला कचरा भरला आणि वर झाकण लावले. दहाव्या दिवशी अळ्या झाल्या. त्यातच कुंड्यांचे पाणी झिरपून खालच्या मजल्यावरील काकांच्या छताला ओल आली. काका वर आले ते संतापूनच. मी आधी वाद घातला. मग खाली जाऊन ते छत पाहिले आणि खजील झाले. उरुळीच्या लोकांबद्दल कळवळ्याने बोलणारी मी, एका मजल्याच्या अंतरावर तेच करीत होते! छताची डागडुजी करून दिली, कुंड्या विटांवर चढविल्या, खाली ताटल्या ठेवल्या. पुढे काकाच मला वाळकी पाने पोत्यात भरून देऊ लागले. माझ्या बागेचे पहिले पीक म्हणजे तो शेजार!

चुकले होते ते एवढेच, की ओल्याला कोरड्याची जोड नव्हती. एक जुना डबा किंवा क्रेट घ्या, तळाला भोके पाडा. खाली नारळाच्या शेंड्या आणि रसवंतीवरून आणलेली उसाची चिपाडे पसरा. त्यावर वाळका पाला आणि मूठभर जुनी माती टाका. मग रोजची देठे, साली बारीक चिरून पातळ थरात घाला आणि प्रत्येक वेळी पाल्याने झाका. तेलकट, शिजलेले अन्न घालू नका. चार-पाच दिवसांनी खालीवर करा. जीवामृतही घरच्या प्रमाणात होते: 20 लिटर पाण्यात 1 किलो शेण, 1 लिटर गोमूत्र, 200 ग्रॅम गूळ, 200 ग्रॅम बेसन आणि मूठभर माती. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळून, दसपट पाणी मिसळून द्यावे. साधारण तीन महिन्यांत काळीभोर, भुसभुशीत माती तयार होते. तिला पहिल्या पावसाचा वास येतो.

ही माती हलकी असते, हा तिचा मोठा गुण. एका चौरस मीटरवर फूटभर ओली माती पसरली, तर ती सुमारे 500 किलो भरते. ये-जा असणाऱ्या गच्चीसाठी धरला जाणारा भार मात्र साधारण 150 किलो असतो. म्हणून गच्चीवर काही करण्यापूर्वी संस्थेची परवानगी आणि स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावाच. ताटल्यांत पाणी साचू देऊ नये, डास होतात. गॅलरीत तीन-चार तास ऊन येत असेल तर मेथी, कोथिंबीर, पुदिना, अळू लावावे. ग्रिलवर मायाळूचा वेल चढवावा. मिरची, टोमॅटो, वांगी यांना सहा तास ऊन हवे. घराची सगळी भाजी यातून निघणार नाही. पण नातवाने स्वतः पेरलेली मेथी तो पानात टाकणार नाही, हा माझा अनुभव आहे.

संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण आणि नागरिक कर्तव्य हे दोन्ही विषय आहेत. गॅलरीतला हा डबा दोन्ही पाळतो, आणि त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

सध्या चैत्राची पानगळ चालू आहे, रसवंत्या सुरू झाल्या आहेत. पाला जाळू नका, गोळा करा. आज डबा लावलात तर आषाढाच्या सुमारास माती हाती येईल. त्याच सुमारास माउलींची पालखी पुण्याहून निघून उरुळी देवाचीवरून दिवे घाटाकडे जाते. त्या वाटेवर माउलींना हात जोडताना त्या गावासमोर आपली मान खाली जाऊ नये, एवढाच संकल्प आज प्रत्येक घराने करावा, अशी विनंती करते आणि थांबते.

भारत माता की जय!