कापड घेताना



आपले सोलापूर कापडाचे गाव. १८७७ साली येथे ‘जुनी मिल’ निघाली. चादरी, टॉवेल आजही येथे विणले जातात. तरी आपल्या कपाटांत पॉलिएस्टरच फार! ते स्वस्त पडते, लवकर वाळते, हे मी नाकारीत नाही. परंतु उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेला की सुती कापड घाम टिपते. पॉलिएस्टरखाली घामोळे उठते. गॅसपाशी पेट सुतीही घेते, पण पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. शिवाय धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, ते सहसा कुजत नाहीत. मात्र कापसालाही पाणी पुष्कळ लागते. म्हणून सुती घ्यावे, बेताने घ्यावे, आणि विरले की त्याची गोधडी शिवावी, एवढीच माझी विनंती.